चौथ्या गाण्यानंतर

"गप्प बसा रे, आता येतंय," मास्तर म्हणाले आणि फिरत्या रेकॉर्डकडे असे बघत राहिले, जणू दारातून कोणी यायचंय.

चौथं गाणं संपलं. टाळ्या कडाडल्या. मग 'ठण्' असा बारीकसा आवाज आला आणि लगेच सगळ्या गर्दीच्या वर चढून एक बाई ओरडली, "आणखी एक! एवढ्यात निघालात कुठे?"

मास्तरांनी सुई उचलली. चष्मा काढून डोळे पुसले. दरवर्षी पुसतात.

धाकटी, म्हणजे मास्तरांची बायको, जाऊन सहा वर्षं झाली. चाळीस वर्षांपूर्वी दोघं जोडीने त्या कार्यक्रमाला गेली होती. बँड पाच पोरांचा. डोक्यावर केसांची टोपली, अंगात चकचकीत जाकिटं. पुढे त्या कार्यक्रमाची रेकॉर्ड निघाली आणि तिच्यात धाकटीचा आवाज सापडला. तिचा दुसरा आवाज घरात कुठेच नाही. फोटो ढीगभर आहेत, पण फोटो काय बोलतात?

म्हणून तिच्या वाढदिवसाला हे टोळकं दुपारचं अक्कांच्या खोलीत जमतं. अक्का ही धाकटीची थोरली बहीण. लहानपणी दाराआडून 'मी' म्हटलं की दोघींतली कुठली आलीय ते आईलाही कळायचं नाही. आता घशाच्या ऑपरेशननंतर अक्कांचा आवाज घोगरा झालाय. धार मात्र तीच. टोळकं म्हणजे मास्तर, एक निवृत्त बसड्रायव्हर आणि एक दातांचा डॉक्टर. तिघंही त्या कार्यक्रमाला होते, आणि बँड आपल्या एकट्यासाठी वाजवत होता असं तिघांनाही वाटतं.

"ते ठण् म्हणजे ड्रमवाल्याची झांज," ड्रायव्हर म्हणाला.

"झांज इतकी मरतुकडी वाजते? बाटली पडली कुणाची तरी," डॉक्टर म्हणाला.

"सहा वर्षं यावरच भांडताय," अक्का म्हणाल्या. "आणि तू रे, दात सोडून कान कधीपासून तपासायला लागलास?"

गाण्यातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, असं अक्का स्वतःच सांगतात. त्या कार्यक्रमालाही त्या गेल्या नव्हत्या.

"तुम्ही त्या संध्याकाळी पोराला सांभाळलंत, म्हणून आम्हाला जाता आलं," मास्तर दरवर्षीप्रमाणे म्हणाले. "तुमचे उपकार..."

"उपकार बिपकार राहू द्या. तुमच्या पोराने माझी चादर दोनदा ओली केली, तेवढं आठवा."

यंदा एक पाहुणा होता. त्या रेकॉर्डचा साउंडवाला. डॉक्टरच्या खुर्चीत दाढ उपटून घेताना सापडला.

"मूळ टेप आहे म्हणता तुमच्याकडे," मास्तर त्याला म्हणाले. "तिचं एवढं एक वाक्य वेगळं काढून द्याल? नातीला ऐकवायचंय. तिने आजी पाहिलीच नाही."

साउंडवाला चाचरला. "खरं सांगायचं तर मास्तर, त्या दिवशी लोकांच्या बाजूचे माइक..."

"चहा निवतोय," अक्का ताडकन म्हणाल्या. "आणि बशा आणायला मला चार हात नाहीत. चला आत."

ओट्याशी उभं राहून तो हळूच बोलला. "माइक बंद पडले होते हो. टेपवर एक टाळी आली नाही. आठवड्याने मी एका शिवणकारखान्यात गेलो. जेवणाच्या सुट्टीत दोनशे बायकांना टाळ्या वाजवायला लावल्या, ओरडायला लावलं. ते मग मागून जोडलं. यांच्या मिसेस त्यात कुठून असणार?"

अक्कांनी चहा गाळला. एक थेंब बाहेर सांडला नाही.

"हे त्यांना सांगणार?"

"खोटं कसं बोलू?"

"कोण सांगतंय बोला म्हणून? वाक्य काढून द्याल का, एवढंच विचारलंय त्यांनी. तेवढ्याला हो म्हणा. माझ्या धाकटीला या माणसाने एक दिवस रडवलं नाही. त्याच्या हातातलं हे एवढंसं मी कुणाला हिसकावू देणार नाही."

साउंडवाला हसला.

"देतो काढून. पण ते ठण् नाही निघायचं, वाक्याला चिकटूनच आहे. ओरडायला उठली तशी त्या बाईच्या मांडीवरून कात्री पडली. मी म्हटलं, आवाज झाला, पुन्हा घेऊ. तर सगळ्यांदेखत मला झापलं तिने, 'सुट्टी काय तुझा बाप वाढवून देणार आहे?' राहिलं मग तसंच."

अक्कांनी फळीवरची कात्री घेतली आणि बिस्किटांचा पुडा कापला. कात्री जुनी, जड, शिवणकामाची. एका पात्याचं टोक मोडलेलं.

साउंडवाला त्या टोकाकडे बघत राहिला.

"बघत काय बसलात? बशी धरा," अक्का म्हणाल्या. "आणि सुट्टी तुमच्या बापाने वाढवून दिली नाहीच."