कानाचं सुतक

अर्जुना ढोल्या पहाटे गेला. ही बातमी जगात दोघांनाच ठाऊक होती: बायको धोंडुबाईला आणि मंडळाचे अध्यक्ष हंबीरराव यांना.

"वैनी, पाचपतोर दम धरा. दिल्लीची मानसं पाचला माघारी जात्यात. तवर डोळ्यातनं टिपूस नको."

धोंडुबाई गोधडीचं टोक धरून बसली होती. "सुतकात देवाफुडं ढोल वाजिवनार तुमी?"

"सुतक कानाला लागतंय. ऐकलं तवापासनं धरायचं, रीतच हाय. हितं साठ जन आल्यात, एकाच्याबी कानावर पडल्यालं न्हाई."

"आन तुमच्या?"

हंबीररावांनी रुमाल काढून उगीच तोंड पुसलं.

जत तालुक्यातली ही वाडी म्हणजे सगळी एकच भावकी. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी ती कोईमतूरपासून कानपूरपर्यंत पांगली. मागं उरली म्हातारी माणसं आणि मेंढरं. पण बिरोबाच्या जत्रेतला, ढोलाच्या तालावरचा गजीचा नाच देशाच्या वारसा-यादीत लागावा म्हणून पांगलेल्यांनीच मंडळ काढलं. चार वर्षं कागद फिरले, तेव्हा कुठं तपासणीला आजचा दिवस मिळाला. एकाचं सुतक साऱ्या वाडीला. कळलं असतं तर ढोल जागीच पालथे पडले असते.

"पुन्यांदा कोन येतंय आपल्या माळावर?" हंबीरराव म्हणाले. "आर्जुनादाचाच हट व्हता न्हवं?"

"व्हता. मेल्यानं दिस तरी कसला धरला!" धोंडुबाई उठली. बाहेरून कडी लावून देवळाकडं निघाली.

ढोल असे घुमले की माळावरची तितरं म्हणे कानडी मुलखात पळाली, ती अजून परतलेली नाहीत. साठ जण भंडाऱ्यात न्हाले. निम्म्यांनी पावलं मोबाइलवर बघून शिकलेली. वळायच्या जागी ते एकमेकांवर आदळत होते. दिल्लीच्या बाईंना त्यातलं काही कळलं नाही, आणि बिरोबा काही बोलला नाही.

बाईंनी हिंदीत विचारलं, मुख्य ढोलवाले कुठे आहेत?

"पडून हाय त्यो," धोंडुबाईनंच सांगितलं. खोटं नव्हतं.

मग यांचंच चित्रण घेऊ, बाई म्हणाल्या. जत्रेत ढोल्याच्या बायकोला वाडीतर्फे हिरवा चुडा भरतात, असं मंडळानंच अर्जात ठसठशीत लिहून दिलं होतं. कॅमेरा वळला. कासाराला हाक गेली.

"ते ऱ्हाऊ द्या की," म्हणत हंबीरराव पुढं झाले. का राहू द्यायचं, हे मात्र त्यांना सांगता येईना. भोवती साठ जणांचे कान होते. ते मागं सरले.

कासार मांडी घालून बसला. धोंडुबाईचा हात हातात घेऊन त्यानं बोटं दाबून पाहिली, हिरव्या बांगड्यांचा तोडा सोडला.

"घट्ट बसवतो, मामी. वरीसभर हलायच्या न्हाईत."

"नगं रं बाबा," धोंडुबाई कॅमेऱ्याकडं बघत हळूच म्हणाली. "सैल भर. सांजंला काढायच्यात."