कोऱ्या बाजूवरचा सवाल

हितेंद्रकाकांनी बँकेच्या परीक्षेचा फॉर्म आकांक्षापुढे सरकवला. "गणितात बी.एस्सी. झालीस, बस्स झालं गो. आता एम.एस्सी. करून कोणाचं भलं होणार आहे? कर सही."

"नाही करणार," आकांक्षा म्हणाली आणि तिने बाबांकडे पाहिलं. उभी हयात शक्ती-तुऱ्याच्या सामन्यांत सवाल-जवाब गायलेले शाहीर रामजी लालबागच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत ढोलकीची दोरी ओढत बसले होते. धाकट्या भावाचं म्हणणं ते कधी मोडत नसत, आणि तिला भीती होती ती त्याचीच.

"बाबा, एक सवाल आहे. कळायला चौथीतल्या पोरालाही कळतो. पण पावणेतीनशे वर्षं झाली, जगात कोणाला त्याचा जवाब देता आलेला नाही. मला त्याच्यामागे जायचंय."

"आणि तुला येणार?" काका हसले.

"नाही आला तर नाही आला. पण उभी तर राहीन."

दोरीवरचा हात थांबला. "पावणेतीनशे वर्षं?" बाबांनी विचारलं. "आणि सगळे गप?"

"सगळे."

बाबांनी फॉर्म उचलला, उलटा केला आणि कोरी बाजू वर करून तिच्यापुढे ठेवला.

"लिही इथे तो सवाल. आणि हितेंद्रा, सवाल अंगावर असताना मैदान सोडणारा आपल्या घरात अजून जन्मला नाही. पोरीला ते कशाला शिकवतोस?"