तिसरी सिस्टीम

प्रूफं तपासणाऱ्या मावशी महिन्याभरात तिसऱ्यांदा लॅपटॉपची तक्रार घेऊन दुकानात आल्या, तेव्हा दुरुस्तीवाल्याच्या मनात पाल चुकचुकली. यांना समोरच्या दुकानदारानं मुद्दाम त्रास द्यायला तर पाठवलं नसेल?

"आता काय झालं?"

"तुम्ही लॅपटॉपमध्ये टाकलेली पहिली सिस्टीम ऐन कामात अपडेट करत बसायची, वर बंद करायची फुलीच दाखवायची नाही. दुसरी दिसायला देखणी, पण सतरा वेळा पासवर्ड विचारायची आणि घड्याळ लपवून ठेवायची. आणि ही फुकटातली तर ओळीचा शेवटचा शब्दच खाते! माझ्याकडून चुका सुटायला लागल्यात हो, काम जाईल माझं."

त्यानं लॅपटॉप उघडला. एकूण एक शब्द जागच्या जागी होता. बाई धडधडीत खोटं बोलत होत्या! आज सोक्षमोक्ष लावायचाच म्हणून तो टेबलाला वळसा घालून त्यांच्या शेजारी आला आणि ओळीच्या उजव्या टोकाला बोट टेकवलं.

"हा काय इथं शब्द!"

"कुठं? काहीच तर नाही."

त्याचं बोट तिथंच थबकलं. फुली उजवीकडे, घड्याळ उजवीकडे. त्यानं आवाज न करता आपला हात मावशींच्या उजव्या गालाजवळ नेऊन हलवला. त्यांची पापणीसुद्धा लवली नाही.

"सापडला का दोष?"

"सापडला," त्यानं त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. "मावशी, घरी कोण आहे? बोलावून घ्या. आत्ताच डॉक्टरांकडे जायला हवं."