हॅगरमावशीची चहाडी

सव्हाना शहरातल्या गुलामांच्या बाजारात आमच्याच रांगेत विक्रीला उभी असलेली हॅगरमावशी सकाळपासून माझ्या लेकीकडे, टेनाकडे टक लावून बघत होती. मला तिचं लक्षण काही ठीक दिसेना.

चांगला मालक मिळावा म्हणून मी लेकीचे गुण सांगत होते. लुइझियानाचा एक मळेवाला तिचे दात तपासून खूश झाला, तेवढ्यात मावशी मध्ये तडमडली.

"साहेब, पोरीला फिट येतात हो!"

तो हात झटकून निघून गेला.

"का गं, माझ्या लेकीच्या मुळावर उठलीस?" मी किंचाळले.

संध्याकाळी एका गिऱ्हाइकानं आम्हा मायलेकींना स्वस्तात, जोडीनंच घेतलं. आम्ही त्याच्या गाडीत चढताना मावशी हळूच म्हणाली,

"माझ्या लेकीचे गुण मीही असेच गायले होते. पहिल्याच गिऱ्हाइकानं नेली तिला. एकटीला."