चुन्याची डबी

"आजी, तुमच्या मांजरीच्या पोटात जंत नाहीत. हा घ्या रिपोर्ट." गुरांच्या दवाखान्यातल्या तपासनिसाने कागद पुढे केला.

मांडीवरच्या चिमीच्या बरगड्या माझ्या बोटांना लागत होत्या. तिला जुलाब लागले होते, आणि तिची दोन पिल्लं याच जुलाबांनी गेली होती. सकाळी मी तिची शी भरून दिलेली चुन्याची डबी अजून खिडकीतच होती. वरच्या दोऱ्याची माझी गाठही तशीच.

"डबी न उघडताच जंत नाहीत म्हणालास होय रे?"

त्याने दोरा तोडला, काचेवर नमुना घेतला, सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि तो ओशाळला. "जंतांची अंडी आहेत, आजी. औषध देतो. तो रिपोर्ट द्या इकडे, फाडून टाकतो."

"औषध दे. कागद माझ्याकडेच राहू दे. साठीत वाचायला शिकले ते कशाला? तुझ्या डॉक्टरांना मोठ्याने वाचून दाखवते."