संमतीचा कागद

निर्वासितांच्या मदतीसाठी फिल्म करणारी ती दिल्या शब्दाला जागणारी होती. फिल्म पुरी होताच ती लॅपटॉप घेऊन आधी छावणीतल्या मावशींकडे गेली.

“बघा मावशी, तुमचा चेहरा अंधारात ठेवलाय, आवाजही बदललाय. तिकडे तुमच्या देशात तुरुंगात असलेल्या काकांच्या केसालाही धक्का लागणार नाही. सख्ख्या बहिणीनं पाहिलं तरी तुम्हाला ओळखणार नाही!”

मावशींनी फिल्म दोनदा पाहिली. “मग माझी लेक कशी ओळखणार?”

“लेक?” मुलांबद्दल तिनं विचारलंच नव्हतं. कुणाच्या जखमेवरची खपली काढायची नाही, हा तिचा नियम.

“सरहद्दीवरच्या गर्दीत हात सुटला तिचा. कुठंतरी असेल, बघेल, म्हणून तर तोंड उघडलं मी.”

तिनं संमतीचा कोरा कागद पुढे केला. ‘चेहरा दाखवावा’, ‘चेहरा दाखवू नये’, अशा दोन चौकटी. “तुम्ही म्हणाल तसं करते, मावशी.”

मावशींनी पेन एका चौकटीपाशी नेलं, मग दुसरीपाशी. शेवटी ते तिच्याच हातात ठेवलं.

“तूच कर खूण, पोरी. नवरा की लेक, हे माझ्या हातून नाही लिहवत.”