शाल एक, नारळ एक

"लष्कराने माझी शाळा जाळली," खिन मे मोडक्या हिंदीत सांगत होती. ब्रह्मदेशातून पळून आलेल्या या शिक्षिकेला आमच्या सोसायटीने सव्वीस जानेवारीला मुद्दाम बोलावलं होतं. सेक्रेटरी सबनीस डोळे पुसतच उठले. शाल-श्रीफळ देऊन म्हणाले, "ताई, हे घर तुमचंच समजा." आम्ही टाळ्या वाजवल्या.

निघताना गेटवर वॉचमनने तिच्या पिशवीत हात घातला. "शाल कुठल्या घरातली? मालकिणीची चिठ्ठी दाखव." कामवाल्या बायकांना चिठ्ठीशिवाय आम्ही काही बाहेर नेऊ देत नाही.

तेवढ्यात सबनीसांची गाडी आली. तिच्या जिवात जीव आला.

काच खाली करून ते म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा." आणि तिथेच चिठ्ठी लिहून दिली: "नेपाळी बाई. शाल एक, नारळ एक. सोडावे."